चिखल्याचा फोटो

आमचे दिगंबरभाऊजी रोज सकाळी माणूस मागायला निघायचे. शेजारी कोणी विस्तव मागतं, कोणी विरजण मागतं. हे माणूस मागायचे. त्या माणसानं ह्यांच्यासोबत कयाधूच्या पात्रात जायचं, हे कडब्याच्या खोपटात शिरून बसले की त्यानं आल्या वाटेनं घरी परतायचं. एवढंच काम.

"काई करायचं न्हाई," दारात उभं राहून ते सांगायचे. "नुसतं यायचं अन् जायचं. जाताना मागं बघायचं न्हाई."

"जायचंच हाय तर येऊ काहून?" समोरचा विचारायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

"तुमी गेल्याबिगर पाखरू येत न्हाई म्हून!" भाऊजी असे ओरडायचे की ओसरीवर बांधलेली शेळी दावं तोडायला बघायची.

आता त्यातली गंमत अशी. नदीकाठची पाखरं भारी संशयी. एकटा माणूस खोपटात शिरताना दिसला की तो बाहेर पडेपर्यंत ती जवळ फिरकत नाहीत. पण दोघं गेले आणि एक परतला, तर त्यांना वाटतं, आलेला गेला, आता कोणी नाही. पाखराला मोजता येत नाही, हा भाऊजींचा शोध. ह्या शोधापायी त्यांनी अख्ख्या हिंगोलीला वैताग आणला होता. आणि आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काही येत नसे, कारण वाटेनं भाऊजी त्याला बोलून बोलून अर्धा करायचे. पांढरं धोतर काहून नेसला, खाकरला काहून, पाय आपटून काहून चालून राहिला. शेवटी माणूस मिळाला नाही की गाठ माझ्या नवऱ्याशी. तहसिलीत अहलकारी, म्हणजे कारकुनी, करणारा माझा नवरा, कचेरीत जाण्याआधी सख्ख्या भावाला नदीवर सोडून येताना मी कितीदा पाहिलाय, आणि कितीदा डोक्याला हात लावलाय.

मी त्यांची भावजय, यमुना. आधीच सांगून ठेवते, ह्या माणसाबद्दल माझ्याकडून गोड गोड ऐकायला मिळायचं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली आणि अकरा वर्षं त्यांचं ओरडणं खाल्लं. लग्न होऊन आले तेव्हा मी तेरा वर्षांची. सासूबाईंनी सांगितलं होतं, "दिगूच्या कोठीचं दार उघडायचं न्हाई." मला वाटलं धान्याची कोठी. दुसऱ्याच दिवशी जोंधळे काढायला म्हणून उघडलं. आत लाल काचेचा कंदील, आंबूस वास आणि परातीत हात घालून बसलेले भाऊजी. त्या दिवशी कुणाचं तरी सहा माणसांचं कुटुंब परातीतल्या परातीत काळं ठिक्कर पडलं म्हणे. मला काय ठाऊक! नवी नवरी मी, मला वाटलं दिराला वेड लागलंय आणि घरच्यांनी कोंडून ठेवलंय. पुढं कळलं की फार काही चुकलं नव्हतं माझं.

फोटो काढणं हा त्यांचा धंदा, आणि ती अंधारी कोठी फोटोच्या काचा धुवायची; आत उजेड शिरला की परातीतली काच काळी पडायची. बाजारातून स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या घराचीच पुढची खोली म्हणजे दुकान. आत एक खुर्ची, मागं बागेचं चित्र काढलेला पडदा, समोर तिपाईवर पेटी आणि काळं फडकं. इथवर सगळं चारचौघांसारखं. पण भिंतीवर बघावं तर एक माणूस नाही. तुतवार, शेकाट्या, टिटवी. तीही आख्खी नाहीत, नुसती तोंडं. चिमणीएवढ्या पाखराचं परातीएवढं तोंड, आणि त्यातून एक डोळा तुमच्याकडं बघून राहिलेला. एकदा एका नवऱ्या मुलाचा बाप पोराला फोटोसाठी घेऊन आला, समोर टिटवी बघितली आणि उंबऱ्यावरूनच मागं फिरला. लग्नाच्या आधी टिटवीचं तोंड कोण बघतं हो? मी म्हटलं, "भाऊजी, एवढी टिटवी तरी उतरवा."

"तिनं काय वाकडं केलं? तोंड बघा तिचं. एक तरी खोट हाय का त्याच्यात?"

"अन् माणसांच्या तोंडात खोट असते व्हय?"

"पेटीफुडं बसलेल्या? शंभरातल्या शंभर!"

ही त्यांची जुनी तक्रार. माणूस पेटीसमोर बसला की स्वतःचं तोंड घरी ठेवून येतो, असं त्यांचं म्हणणं. छाती काढतो, डोळे वटारतो, श्वास धरतो. "तोंड करू नका!" हे काळ्या फडक्यातून इतक्यांदा ऐकू यायचं की माझ्या धाकट्या नणंदेनं पाळलेला पोपट तेवढंच बोलायला शिकला होता. अमीनसाहेब वर्दी चढवून, मिशांना तेल लावून फोटोला आले, तर आमचा हा बहाद्दर म्हणतो, "साहेब, हे तुमचं तोंड न्हाई. घरी बेगमसाहेबांसमोर असतं ते घेऊन या." पोलीस अमीनाला! दुसऱ्या दिवशी माझा नवरा त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आला. अमीनसाहेबांनी मग नांदेडला जाऊन फोटो काढला. भाऊजींनी तो पाहिला आणि म्हणाले, "बराबर. वर्दीचा चांगला आलाय."

त्यांचं लग्नही ह्या सवयीनंच मोडलं. वसमतला मुलगी बघायला गेलो. पोरगी बिचारी खाली मान घालून पाटावर बसली, बायका तिला नाव विचारून राहिल्या, आणि ह्यांनी तिकडून आवाज टाकला, "तोंड करू नका!" पोरगी रडायला लागली. तिच्या आईनं पोह्यांच्या बश्या आमच्यासमोरून उचलून आत नेल्या. परत येताना गाडीत माझं जे तोंड सुटलं ते हिंगोली येईपर्यंत थांबलं नाही. त्यावर ते एकच बोलले, "रडली तव्हा चांगली दिसली ती." पुन्हा कोणी मुलगी सांगून आली नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. माझा राग आहे तो फोटोचा, आणि तो सांगायलाच मी बसलेय.

आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी घेत नाहीत. मला अकरा वर्षं मूल नव्हतं. कळमनुरीच्या पलीकडं चार कोसांवर माझं माहेर, आणि अकरा वर्षांत आई एकदाही माझ्या दारात आली नाही. भेटायला मीच जायची तिच्याकडं, तेही सासूबाईंच्या मर्जीनं. मग बाराव्या वर्षी मला मुलगा झाला, आणि त्या चैत्रात आईचा निरोप आला की आठ दिवस राहायला येते. माझ्या अंगात वारं शिरलं. मी घर सारवलं, पापड लाटले, आणि एक गोष्ट मनाशी पक्की केली. आईचा एक फोटो काढून घ्यायचा. फोटो काढणाऱ्याच्या घरात मी अकरा वर्षं राहिले, आणि माझ्या आईचा जगात एक फोटो नव्हता.

पण लढाईचे दिवस ते. मुंबईहून काचेच्या प्लेटा यायच्या त्या बंद झालेल्या. भाऊजींच्या डब्यात शेवटच्या तीन राहिल्या होत्या. मी त्यांना बसवून, समोर ताट ठेवून, शब्द घेतला. "एक आईसाठी राखा."

"राखली," ते म्हणाले.

"पाखरावर उडवाल."

"राखली म्हणलं ना वहिनी! किती तकलीफ देता!"

आई आली. दमणीतून उतरली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. अकरा वर्षांचं सगळं तिनं तिथं उभ्या उभ्या बघून घेतलं. चूल कुठं, रांजण कुठं, लेक कुठं झोपते. मग आत येऊन माझ्या हातचं पाणी प्यायली. मी सांगत नाही मला काय वाटलं ते.

तिसऱ्या दिवशी मी तिला नवं लुगडं नेसवून दुकानातल्या खुर्चीवर बसवलं. खुर्चीवर काय ती जन्मात बसली नव्हती. तिनं पदर कपाळावर ओढला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि जी बसली ती देवळासमोरचा दगडी नंदी.

"मावशी, तोंड करू नका," फडक्यातून आवाज आला.

"आं?"

"तोंड! तोंड करू नका! श्वास घ्या!"

आईनं घाबरून श्वास घेतला आणि तो आतच ठेवला. भाऊजी फडक्यातून बाहेर आले, पेटीवर झाकण बसवलं आणि म्हणाले, "ह्या तोंडाचा मी काढत न्हाई."

"काढत न्हाई म्हणजे?" मी पुढं झाले. "तुमची प्लेट राखलीय ना? मग काढा! जसं आहे तसं काढा! नंदीचा तर नंदीचा!"

"शेवटच्या प्लेटा हाईत वहिनी. त्याच्यावर ही बाई न्हाई आली तर उपयोग काय?"

"ही बाई समोर बसलीय!"

"न्हाई," ते म्हणाले. "बसली न्हाई ती."

मला तर त्या तिपाईचा एक पाय उपटून हातात घ्यावा असं वाटलं. आईच मला हाताला धरून आत घेऊन आली. "जाऊ दे गं यमे," म्हणाली, "मला बी कुठं बसवत व्हतं त्या उंचावर."

आणि दुसऱ्या दिवशी बघते तर काय, माझी आई त्यांच्यासोबत नदीला निघालेली! माणूस मिळाला नव्हता, तर म्हणाली, "मी येते बापू. लेकीच्या घरी बसून खायाचं म्हंजे अंगाला काटे टोचतेत." मग रोज तेच. दोघं जायची, आई एकटी परत यायची. मागं वळून बघायची नाही, पाय आपटायची नाही. तिला शेताची सवय, कडब्याआडून चालायची सवय. भाऊजी पहिल्यांदाच कोणाबद्दल बोलले, "बराबर जाते बाई." वाळूत चिखल्यानं घातलेली अंडी तिनंच त्यांना दाखवली. गळ्यात काळी कंठी असलेलं ते टिचभर पाखरू. त्याची अंडी म्हणजे नुसते वाळूतले खडे. भाऊजी महिनाभर तुडवत होते ती जागा. घरी येऊन आई मला त्या चिखल्याच्या गोष्टी सांगायची, आणि मी भाकरी थापता थापता धुमसत राहायची. अकरा वर्षांनी आई आली ती माझ्यासाठी, आणि तिची सकाळ कोणी नेली? त्या मेल्या पाखरांनी.

दोन प्लेटा चिखल्यावर गेल्या. एक उरली. मी रोज विचारायची, भाऊजी रोज म्हणायचे, "राखलीय."

आठव्या दिवशी दुपारी माझा भाऊ दमणी घेऊन येणार होता. त्या दिवशी सकाळी आई भाऊजींसोबत गेली ती लवकर परतलीच नाही. ऊन चांगलं वर आल्यावर दोघं मिळून आली. आईचा चेहरा उन्हानं लाल झालेला. भाऊजींच्या खांद्यावर पेटी, आणि अंगात उत्साह असा की मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"प्लेट?" मी विचारलं.

"झाली," ते म्हणाले.

"झाली म्हणजे? कशावर झाली?"

"धुतल्याबिगर मी बोलत न्हाई, ठाऊक हाय तुमाला." हे खरं होतं. काचेवर काय उमटलंय ते धुऊन, वाळवून हातात येईपर्यंत सांगायचं नाही, हा त्यांचा नेम. सांगितलं की बिघडतं म्हणे.

मी आईकडं बघितलं. "तू तरी सांग! पाखरावर उडवली ना?"

आई नुसती हसली. "बापूला इचार," म्हणाली, आणि बोचकं बांधायला लागली. त्या दोघांचं काय ठरलं होतं देव जाणे. मला एवढंच दिसत होतं की दाराशी दमणी उभी आहे, आई चाललीय, आणि डबा रिकामा आहे. मी आईला वाटेला लावलं आणि वळून भाऊजींना तोंडाला येईल ते बोलले. माझा नवरा मधे पडला तर त्यालाही बोलले. भाऊजींनी कोठीचं दार आतून लावून घेतलं. दुपारभर आत पाण्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या गाडीनं नांदेडला गेले. फोटो छापायचा कागद संपला होता, तो आणायला. जाताना मला म्हणाले, "कोठीत घोडीवर काच वाळून राहिली. हात लावू नका." एवढं म्हणाले नसते तर कदाचित मी लावला नसता.

देव्हाऱ्यातल्या देवीच्या तसबिरीची काच पाडव्याच्या साफसफाईत तडकली होती, आणि लढाईमुळं बाजारात काचही मिळत नव्हती. मी कोठीत शिरले. लाकडी घोडीवर एकच प्लेट उभी. मी ती उजेडाला धरली. छापलेला फोटो वेगळा आणि ही उलटी काच वेगळी, पांढऱ्याचं काळं अन् काळ्याचं पांढरं दाखवणारी. ती वाचायला शिकावं लागतं आणि मी कधी शिकले नव्हते. मला काळं काळं काहीतरी दिसलं, मधे पांढुरके डाग. म्हटलं, हाच तो चिखल्या. ज्याच्यापायी माझी आई फोटोवाचून गेली तो हाच. मग मी काय केलं असेल? चुलीवर पाणी कढत ठेवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि ती काच त्यात सोडली. वरचा थर सुटून आला. राखेनं घासली, फडक्यानं पुसली. स्वच्छ, लख्ख काच. देवीला बराबर बसली. इतकं समाधान मला त्या आठवड्यात कशानं मिळालं नव्हतं.

संध्याकाळी भाऊजी कागदाची गुंडाळी काखेत घेऊन आले. सरळ कोठीत गेले आणि बाहेर आले.

"वहिनी, घोडीवरची काच?"

मी कमरेवर हात ठेवून तयारच होते. "धुतली. सोड्यानं. देवीला बसवली. आता करा काय करायचं ते!"

मी वाट बघत राहिले. काळ्या फडक्यावर माशी बसली तरी बोंब ठोकणारा हा माणूस. म्हटलं, आता छप्पर उडणार. शेजारची जनाबाई तर कान देऊन भिंतीपाशी येऊन उभी राहिली होती. भाऊजी देव्हाऱ्यापाशी गेले. तसबिरीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, "बराबर बसलीय." आणि थोड्या वेळानं, "च्या टाकता का थोडा?"

ओरडले नाहीत! मला त्याचाच जास्त राग आला. म्हणजे एवढंच मोल होतं का त्या पाखराचं? मग माझ्या आईची प्लेट त्याच्यावर घालवलीच काहून? मी हे सगळं त्यांना ऐकवलं. ते बशीत चहा ओतून पीत राहिले. "दिवाळीला येतील ना मावशी?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यानंतर हा माणूस एका प्लेटेपायी वेडा झाला. नदी सोडली. पूर्णा स्टेशनला गेले, नांदेडला दोनदा गेले, स्टेशनवर गाड्यांच्या गार्डांना चिठ्ठ्या देऊन राहिले. मी म्हणायची, बघा, पाखरांसाठी चाललंय सगळं. भादव्यात त्यांना एक प्लेट मिळाली. आणि चार दिवसांत माहेराहून माणूस आला की आई तापानं पडलीय, लवकर या.

आम्ही गाडी जुंपली. बघते तर भाऊजी पेटी आणि तिपाई घेऊन गाडीत चढलेले. त्यांना खाली उतरवण्याएवढं भान मला नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा आईला अंगणात घेतलेलं होतं. बायकांनी मला धरलं, सोडलं, आणि रडता रडता माझी नजर त्या पेटीवर गेली.

"काढा आता!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "आणलीय ना पेटी? काढा! आता हलत न्हाई ती! आता तोंड बी करत न्हाई!"

भाऊजी गाडीच्या चाकाला धरून उभे होते. त्यांनी पेटीचा पट्टासुद्धा सोडला नाही. तेराव्यापर्यंत थांबले, पाणी भरलं, लाकडं फोडली. परत आल्यावर मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, सरकवायची, बास. अधूनमधून रडायला आलं की भिंतीला ऐकवायची, "एका चिखल्यापायी माझ्या आईचं तोंड राहिलं न्हाई जगात." ते पलीकडं बसून ऐकायचे. एकदाही म्हणाले नाहीत की वहिनी, पुरे.

पुढच्या उन्हाळ्यात आठवडी बाजारात मी टरबूज घ्यायला थांबले. कयाधूच्या वाळूत भोई लोक टरबुजाच्या वाड्या लावतात. त्यातली रखमा भोईण फळं मांडून बसली होती. मला बघून म्हणाली, "फोटूवाल्या बापूच्या वहिनी ना तुमी? तुमची माय आली न्हाई औंदा?"

मी सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला.

"काय बाई! अन् किती हासली व्हती वो ती त्या दिवशी! बापू खोपटात, अन् तुमची माय माझ्या वाडीच्या बांधावर बसलेली. कंठीवाल्या पाखराची पिल्लं निघाली व्हती. पिल्लापासून आपल्याला लांब न्यायाला ते पाखरू पंख मोडल्याचं सोंग करत वाळूत लोळून राहिलं. तर तुमची माय त्याला मनती, 'अगं बाई, कळलं मला, उठ! मी बी लेकुरवाळीच हाय. न्हाई हात लावत तुझ्या लेकराला!' असं पाखराशी बोलून राहिली. तेवढ्यात बापूनं खोपटातून पेटी भाईर ओढली. पाखरू भुर्र. मी म्हणलं, आता हा बाबा वरडतो. तर त्यानं पेटी तुमच्या मायच्या तोंडाफुडं लावली, ह्या एवढ्या अंतरावर. तिला कळलं बी न्हाई. फोटू झाल्यावर कळलं. मग दोघं हासत बसले. 'यमीला सांगू नगंस बापू, छापून हातात दे,' मनली. लई मोठा केला असंल ना फोटू?"

टरबूज मी तिथंच ठेवलं की कुणाला दिलं, आठवत नाही. बाजारातून दुकानापर्यंत मी कशी आले तेही आठवत नाही. भाऊजी खुर्चीची गादी झटकत होते.

"काहून सांगितलं न्हाई?" मी किंचाळले. भादव्यापासून त्यांच्याशी बोललेला तो माझा पहिला शब्द.

त्यांना विचारावं लागलं नाही, कशाबद्दल. गादी हातात घेऊन ते उभे राहिले.

"काय सांगू?" ते म्हणाले. "तुमीच धुतली म्हून? अकरा वर्सांनी तुमची माय आली, अन् गेली, अन् वर हे बी तुमच्या डोक्यावर ठिवू?"

"वर्षभर मी तुम्हाला काय काय बोलले!"

"बोलल्या."

"मग वरडायचं होतं! साध्या माशीला वरडता! एवढं मोठं मी केलं अन् तुम्ही चहा मागितला!"

"वरडून काचेवर परत आली असती का ती?" आता त्यांचा आवाज चढला, आणि चढता चढता फाटला. "मला वाटलं, दिवाळीला दुसरा काढू. मला वाटलं, प्लेट आणतो, मावशीला पुन्हा नदीवर नेतो, वहिनीला कदी कळायचं बी न्हाई. मला काय ठाऊक भादव्यातच..." त्यांनी गादी खुर्चीवर आपटली.

मी जमिनीवर बसले. रडणं थांबायला बराच वेळ लागला. मग एक गोष्ट माझ्या डोक्यात आली. "तुम्ही बघितला होता ना? धुतल्यावर?"

"बघितला."

"उलटाच ना पण?"

"मी उलट्याचं सुलटं करूनच बघतो. जन्म त्याच्यात गेला."

"मग सांगा," मी म्हटलं. "कसा आला होता?"

भाऊजी गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मी त्यांना त्या खुर्चीवर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, आणि चिडल्यासारखं, घाईघाईनं सांगायला लागले. "नुसतं तोंड हाय. कपाळ वर जरा कापलंय, मी फार जवळ गेलो, माझी चूक. पदर खांद्यावर पडलेला. केस सगळे पांढरे, वाऱ्यानं ही एक बट अशी गालावर. डाव्या नाकपुडीशी चामखीळ, तिच्यावर ऊन. तोंड उघडं, बोलता बोलता. खालचा एक दात न्हाई."

"पुढचा."

"व्हय, पुढचा. डोळे बारीक झालेले, कडेला सुरकुत्या, मोजता येतेत. एक कान दिसतो, डावा. त्याच्यात काडी घातलेली."

"तिनं तिच्या बुगड्या माझ्या लग्नात मला घातल्या," मी म्हटलं. "तेव्हापासून काडीच होती."

"ते मला ठाऊक न्हाई. दिसलं तेवढं सांगून राहिलो." त्यांनी डोळे पुसले. "हनवटीवर गोंदलेला ठिपका. पुसट."

"एकच?"

"तीन. एक सुरकुतीत गेलाय."

"पुन्हा सांगा," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

तेवढ्यात दारात सावली पडली. पागोटं बांधून, मुलाला नवा सदरा घालून कोणी गिऱ्हाईक आलं होतं. "बापू, फोटू काढायचा व्हता," ते म्हणालं.

"भाईर थांबा!" भाऊजी त्याच्यावर ओरडले. "दिसत न्हाई काय? वहिनींना फोटो दाखवून राहिलो!"